जंगलासाठी पैसेवसूल दुर्बीण: उजेड मोजून घ्या

गळ्यात दुर्बीण दिसली की लोक हमखास विचारतात, "किती लांबचं दिसतं यातून?" मी सांगतो, चंद्र दिसतो. तो दुर्बिणीशिवायही दिसतो, हे लक्षात यायला त्यांना जरा वेळ लागतो. दुर्बीण लांबचं दाखवत नाही, समोर दिसतंय तेच जवळ आणते. ते किती जवळ आणावं, हे ठरतं हाताच्या थरथरीवर, डोळ्यांच्या वयावर आणि त्या वेळच्या उजेडावर. खोक्यावर छापलेला 'पॉवर'चा आकडा यात फार मागे येतो.

मध्यंतरी भाच्याचा फोन आला. "मामा, पंचवीस पॉवरची मिळतेय, दोन हजारांत. घेऊ ना?" त्याचं मे महिन्यातलं ताडोबाचं बुकिंग झालेलं होतं. तिथे सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणजे झूम करून बघायची सोयही नाही. त्याला आधी "थांब" म्हणालो आणि मग तासभर बोलत बसलो. त्या बोलण्यात आणखी थोडी भर घालून हे लिहितोय.

शिकाऱ्यांची दुर्बीण आणि आपली

ऑनलाइन शोधायला बसलात की निम्म्या दुर्बिणींवर 'हंटिंग' असा शिक्का दिसेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे तो शिक्का बघून बरेच जण पुढे सरकतात. सरकू नका. अमेरिकेत हरणांच्या मागावर जाणारी मंडळी दुर्बीण पारखतात ती पहाटेच्या आणि दिवेलागणीच्या उजेडात, कारण जनावर तेव्हाच हलतं. आपल्याही सफारीचा उत्तम वेळ तोच: गेट उघडल्यावरचा पहिला तास आणि बाहेर पडण्याआधीचा शेवटचा. म्हणून मंद उजेडाबद्दल त्यांनी लिहिलेलं आपल्याला जसंच्या तसं कामाला येतं.

त्यांची दहा-बारा पॉवरची आवड मात्र उचलू नका. ते समोरच्या डोंगरउताराकडे तोंड करून तिपाईवर दुर्बीण लावून तासन् तास बसतात. आपण बसतो जिप्सीत, शेजारी पाच जण, आणि वाघ दिसला की सगळे एकदम उभे राहतात. आणि पानाफुलांची छापील नक्षी असलेल्या कवचासाठी जास्तीचे पैसे मोजायचं तर काहीच कारण नाही.

पहिलं काम: दोन आकडे वाचा

दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा पॉवर, म्हणजे वस्तू किती पट जवळ वाटेल तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात दोनशे मीटरवर चिंकारा उभं आहे असं धरा. आठ पॉवरमधून ते पंचवीस मीटरवर असल्यासारखं दिसेल, दहामधून वीस मीटरवर. फरक पाच मीटरचा. पण हाताची थरथरही त्याच पटीत वाढते, आणि दहा पॉवर हातात स्थिर धरणं बहुतेकांना जड जातं. वीस पॉवरचं कागदावरचं गणित दहा मीटर सांगतं. प्रत्यक्षात त्यातलं चिंकारा इतकं हलतं की शिंगं मोजायचा प्रश्नच येत नाही. बरं, दहा वाजून गेले आणि माळ तापला की हवाच थरथरायला लागते. मग जितकी पॉवर जास्त, तितकी ती थरथर मोठी.

आता या दोन आकड्यांचा भागाकार करा. बेचाळीस भागिले आठ म्हणजे सव्वापाच. दुर्बीण हातभर लांब, उजळ आकाशाकडे धरलीत तर मागच्या भिंगांत दोन छोट्या प्रकाशाच्या चकत्या दिसतात. त्यांचा व्यास म्हणजे हा भागाकार, मिलिमीटरमध्ये. तुमच्या डोळ्यात जो उजेड शिरतो तो या चकतीतूनच.

डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते. अंधारून आलं की तरुण माणसाची सातपर्यंत मोठी होते, पन्नाशीनंतर मात्र पाचच्या आसपासच अडकते. म्हणून ८×४२ची सव्वापाचाची चकती पहाटेला पुरेपूर कामी येते. १०×४२ची ४.२ची चालते. ८×२५ या खिशातल्या दुर्बिणीची तीनच्या थोडी वर असते, म्हणजे दुपारी झकास आणि संध्याकाळी काळोख. भाच्याची ती पंचवीस पॉवरवाली २५×३० होती. भागाकार १.२. भर दुपारीही त्यातून मळकटच दिसलं असतं.

माझी फजिती

हे सगळं मला आधी माहीत होतं असं नाही. माझी पहिली दुर्बीण मी रस्त्यावरच्या एका दुकानातून घेतली. २०×५०, पुढची भिंगं लालभडक, सोबत चामड्याची पेटी. थंडीत भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून पट्टकादंब बघायला गेलो होतो. हंसांचा थवा काठाला चरत होता. शेजारचे गृहस्थ डोक्यावरचे दोन काळे पट्टे वर्णन करून सांगत होते. मला पट्टे चार दिसत होते. दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक हंसाला एक फिकट जुळा भाऊ होता. डोळे बिचारे ते दोघे एकावर एक आणायला धडपडत राहिले आणि नऊ वाजेपर्यंत कपाळ ठणकायला लागलं. होडीचं डुलणं वेगळंच. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितली आणि हळूच परत दिली. "साहेब, हिच्यावर खर्च करू नका."

लाल भिंगांचं सांगायचं राहिलं. ती लाली म्हणजे लाल प्रकाश परत फेकणारा मुलामा. 'रुबी' म्हणून मोठ्या कौतुकाने विकतात. आत येणारं चित्र त्याने हिरवट आणि अंधारं होतं. वाघासारखं केशरी जनावर बघायला निघालेल्या माणसाने लाल रंगच दारात अडवायचा, यात काय शहाणपण?

काचेवरचा मुलामा: पैसे इथे घाला

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत अशी दहा-बारा पृष्ठं सहज असतात. मुलामा नसेल तर एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो, शिवाय तो आत इकडेतिकडे आपटून चित्रावर दुधाळ पडदा धरतो. चांगल्या बहुपदरी मुलाम्याने प्रत्येक पृष्ठावरची गळती अर्ध्या टक्क्याच्या खाली येते. काचेला मुलामा द्यायची मूळ युक्ती १९३५ साली झाइस या जर्मन कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काढली. आज ती दहा हजारांच्या दुर्बिणीतही मिळते.

खोक्यावरचे शब्द इथे नीट वाचा. 'कोटेड' म्हणजे कुठल्या तरी एखाद्या पृष्ठावर एक पदर. 'फुली कोटेड' म्हणजे सगळीकडे एक पदर. 'मल्टिकोटेड' म्हणजे काही पृष्ठांवर अनेक पदर. आपल्याला हवं ते 'फुली मल्टिकोटेड', सगळ्या पृष्ठांवर अनेक पदर. खोक्यावर विश्वास नसेल तर दुर्बीण ट्यूबलाइटखाली धरून पुढच्या भिंगात डोकावा. ट्यूबची पाच-सहा प्रतिबिंबं एकामागे एक दिसतील. ती सगळी मंद, हिरवी-जांभळी असतील तर ठीक. मध्येच एखादं लख्ख पांढरं चमकलं तर तेवढं पृष्ठ कोरं सोडलेलं आहे.

सरळ नळी की वाकडी?

आतल्या लोलकांच्या रचनेवरून दुर्बिणींचे दोन प्रकार पडतात. जुन्या वळणाची, खांदे पुढे आलेली ती पोरो. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाने १८५४मध्ये तिचं पेटंट घेतलं. दुसरी रूफ, दोन सरळ नळ्यांची. ती सडपातळ, हलकी, पाण्याला दाद न देणारी, आणि आजकाल दुकानात जास्त तीच दिसते.

लोक रूफ घेतात कारण ती नवी दिसते. पण कमी पैशांत चांगलं चित्र देणं तिला अवघड जातं. रूफच्या नेहमीच्या रचनेत एका पृष्ठावर आरशासारखा मुलामा द्यावा लागतो. शिवाय प्रकाश दोन वाटांनी फुटून पुन्हा एकत्र येतो, त्यातून येणारा धूसरपणा घालवायला आणखी एक, फेज दुरुस्तीचा मुलामा लागतो. तो झाइसने १९८८मध्ये आणला. स्वस्त रूफमध्ये पैसे वाचवतात ते नेमके या दोन्ही ठिकाणी. पोरोच्या लोलकांना यातलं काहीच लागत नाही. त्यामुळे माझं मत असं: दहा हजारांच्या आत असाल तर पोरो बघा, पंधराच्या वर जाऊ शकत असाल तर रूफ. मधला पट्टा ज्याच्या त्याच्या गरजेचा.

पोरोचेही दोष आहेत. ती जड असते, स्वस्तातली पावसाला टिकत नाही, आणि चष्मेवाल्यांची अनेकदा अडचण करते.

चष्मा असेल तर

मागच्या भिंगापासून डोळा किती अंतरावर ठेवून पूर्ण वर्तुळ दिसतं, त्याला आय रिलीफ म्हणतात. चष्मा लावून बघणार असाल तर हे अंतर निदान पंधरा-सोळा मिलिमीटर हवं, नाहीतर भोकातून बघितल्यासारखं दिसतं. निकॉनची अ‍ॅक्युलॉन ८×४२ ही पोरो दुर्बीण मी पुष्कळांना सुचवतो. तिचं दृश्य ऐसपैस आहे, आठ अंशांचं. पण आय रिलीफ बाराच मिलिमीटर. चष्मेवाल्याला ती सुचवत नाही. त्याच कंपनीच्या प्रोस्टाफ पी-३ ८×४२ या रूफमध्ये तो वीसच्या पुढे आहे.

नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, फोकसची चक्री तो नंबर सांभाळून घेते. सिलिंड्रिकल नंबर ती सांभाळत नाही. आणि खरं सांगायचं तर जंगलात चष्मा काढा, दुर्बीण लावा, पुन्हा चष्मा शोधा, एवढ्यात कोतवाल उडून जातो.

दृश्याची रुंदी, जवळचा फोकस, वजन

हजार मीटरवर किती मीटर रुंद दृश्य मावतं ते खोक्यावर लिहिलेलं असतं. नुसते अंश दिले असतील तर साडेसतराने गुणा: ७.२ अंश म्हणजे १२६ मीटर. पन्नास मीटरवर याचे सहा मीटर होतात. दाट पानांत वटवट्या शोधताना ही रुंदी किती मोलाची आहे ते एकदा अरुंद दुर्बीण लावल्याशिवाय कळत नाही. ८×४२ घेताना ११० मीटरच्या खाली जाऊ नका.

फुलपाखरं, चतुर, बेडूक यांची आवड असेल, आंबोलीला पावसाळ्यात जाणार असाल, तर दुर्बिणीचा जवळचा फोकस दोन-अडीच मीटरवर यायला हवा. पोरो साधारण पाच मीटरवर अडतात. फक्त सफारी करायची असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

वजन हातात घेऊनच बघा. ६०० ते ७०० ग्रॅमची दुर्बीण दिवसभर गळ्यात चालते. १०×५० पोरो ९०० ग्रॅमच्या घरात जाते, दुपारपर्यंत मान बोलायला लागते. आकाशातल्या ताऱ्यांसाठी मात्र ती १०×५० सुरेख. घरात एक ताऱ्यांचं वेड असलेलं माणूस आणि एक पक्ष्यांचं असेल तर भांडण होणार, ते मी सोडवू शकत नाही.

किती पैसे?

किमती सतत हलतात, म्हणून ढोबळच सांगतो. तीन हजारांच्या आत नवी दुर्बीण घेऊ नका. ते पैसे साठवा. पाच ते दहा हजारांत पोरो: अ‍ॅक्युलॉन ८×४२ किंवा ऑलिंपसची ८×४०. दहा ते अठरा हजारांत प्रोस्टाफ पी-३ किंवा सेलेस्ट्रॉनची नेचर डीएक्स ८×४२, दोन्ही जलरोधक रूफ. पंचवीस-तीस हजारांच्या आसपास निकॉन मोनार्क एम-५. तिच्यात ईडी काच आहे, म्हणजे उजळ आकाशावरच्या काळ्या पक्ष्याला जांभळी किनार कमी दिसते. याच्या पुढे प्रत्येक पायरीला पैसे दुप्पट होतात आणि चित्र थोडंथोडंच सुधारतं. युरोपातल्या नामांकित दुर्बिणी लाखांत जातात. एकदा एका मित्राची तासभर वापरली, परत करताना जीव तुटला. घेतली मात्र नाही.

झूमवाल्या (८-२४×५० अशा) कुठल्याही किमतीत नकोत. दृश्य अरुंद, उजेड कमी, आणि आतले हलणारे भाग लवकर ढिले होतात. 'डे अँड नाइट व्हिजन' असं लिहिलेली दोन हजारांची दुर्बीण रात्री तेवढंच दाखवते जेवढं साधी काच दाखवील.

दुकानात काय काय बघायचं

दुकानदाराला सांगा की दाराबाहेर नेऊन बघायची आहे. ऑनलाइन मागवली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत हेच सगळं गच्चीवर करा.

नळ्या आतबाहेर करून दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ होईपर्यंत जुळवा. सिनेमात आडव्या आठासारखं दाखवतात ते खोटं. मग उजवं भिंग झाका आणि मधली चक्री फिरवून डाव्या डोळ्याने समोरच्या पाटीवरची अक्षरं स्पष्ट करा. आता डावं झाकून चक्रीला हात न लावता उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवा आणि तीच अक्षरं स्पष्ट करा. कड्याचा आकडा लक्षात ठेवा, तो तुमचा. पुष्कळ लोक हे न करताच "फोकस नीट होत नाही" म्हणून दुर्बीण परत करतात.

यानंतर विजेची आडवी तार धरा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीत-दीड वीत मागे घ्या. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर हवी. एकीकडे वर, एकीकडे खाली असेल तर ती माझ्या भिगवणच्या दुर्बिणीची बहीण आहे, तिथेच ठेवून या. तारेवर कावळा बसलेला असेल तर उत्तम: त्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार किती जाड दिसते ते बघा. थोडी सगळ्यांत असते. मग पाटीची अक्षरं मधून कडेला सरकवा. कडेला मऊ पडणं क्षम्य आहे, मधली धूसर असतील तर नाही.

आता हातभर लांब धरून त्या प्रकाशाच्या चकत्या तपासा. पूर्ण गोल हव्यात. कडा राखाडी आणि चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर लोलक बीके-७ या हलक्या काचेचे असण्याचा संभव दाट. बीएके-४ ही वरच्या दर्जाची काच असेल तर सहसा गोल दिसतात. पट्टी लावून व्यासही मोजा. १०×५० लिहिलंय आणि चकती तीनच मिलिमीटर भरतेय? मग पुढची काच पन्नासची असली तरी आत कुठेतरी अडसर घालून उजेड चोरलेला आहे. हे स्वस्त मालात सर्रास चालतं.

चक्री फिरवताना अडकणं किंवा दोन्हीकडे मोकळं हलणं नको. जुनी घेत असाल तर पुढच्या बाजूने टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असो, नको म्हणा.

सांभाळायची कशी

बुरशीवरून आठवलं, कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांनी चामड्याच्या पेटीत दुर्बीण ठेवणं म्हणजे तिला पावसाळ्याच्या ताब्यात देणं. चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलचे मणी कापडी पुरचुंडीत ठेवा. रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, पण त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवा, ती परत पोह्यांना लावायची नाही. नायट्रोजन भरलेल्या जलरोधक दुर्बिणीत आत बाष्प धरत नाही. बाहेरच्या काचेवर मात्र बुरशी येऊ शकते.

जिप्सीच्या धुळीत काचेला ओरखडे पाडणारे बारीक कण असतात. शर्टाच्या टोकाने पुसलंत की तोच मुलामा खरवडला जातो ज्यासाठी पैसे दिलेत. आधी रबरी फुग्याने फुंका, मग मऊ कुंचला, आणि शेवटी भिंगाचं कापड. गळ्याचा पट्टा अरुंद आला असेल तर बदला. खांद्यांवरून जाणारा पट्टा मिळाला तर दुर्बीण जिप्सीच्या धक्क्यांत छातीवर आपटत नाही.

जंगलात जाण्याआधी सराव

नवी दुर्बीण घेऊन थेट ताडोबा गाठू नका. पक्ष्याकडे बघत राहायचं, नजर न काढता दुर्बीण उचलून डोळ्यांसमोर आणायची. नवखा माणूस आधी दुर्बीण लावतो आणि मग पक्षी शोधत फिरतो. आठवडाभर गच्चीवर कावळे, घारी, समोरच्या झाडावरचा तांबट यांच्यावर हात बसवला की पुरतो. कोपर बरगड्यांना टेकवा, शक्य असेल तिथे भिंतीला किंवा जिप्सीच्या दांड्याला आधार द्या.

भाच्याने शेवटी ८×४२ पोरो घेतली. तिसऱ्या दिवशी फोन. "मामा, समोरच्या सोसायटीच्या टाकीवरची तारीख वाचली. टाकी धुऊन सहा वर्षं झालीत."